डाव्या पायाचं पेडल

मी पडले ती उभ्या उभ्या.

सायकल थांबली होती, रस्ता सपाट होता, मागून-पुढून कुणी येत नव्हतं... आणि तरीही मूर्तिजापूरजवळच्या चहाच्या टपरीसमोर, आठ-दहा माणसांच्या देखत, मी तुरीचं पोतं कलंडावं तशी उजव्या अंगावर कलंडले. दोन्ही पाय पेडललाच अडकलेले! जानेवारीची थंडगार सकाळ, हातात गरम ग्लास धरलेली माणसं, आणि रस्त्याच्या कडेला आडवी झालेली मी — दीपमाला, वय अठ्ठावीस, अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी.

ती क्लिपची पेडल मी आठवड्यापूर्वीच ऑनलाइन मागवली होती. सोबतच्या बुटांच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा असतो. तो पेडलमध्ये खटकन बसला, की पाय निसटत नाही, चढावर जोर चांगला लागतो. पाय अडकवायचा कसा, ते व्हिडिओत पाहिलं होतं. काढायचा कसा, ते पाहायला मात्र धीर निघाला नव्हता.

"हलू नका," कुणीतरी म्हणालं. चहाचा ग्लास खाली ठेवून एक माणूस माझ्या पायाशी गुडघ्यावर बसला होता. "पाय मागं नका ओढू. टाच बाहेर फिरवा... अजून थोडी... हं."

त्यानं माझी टाच धरली, अगदी हलकेच, परवानगी मागितल्यासारखी. खट्! पाय सुटला.

"लागलं काय?"

"इज्जतीले लागलं."

त्यानं ओठ दाबून धरले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच. "तिच्यासाठी मलम नाही मिळत. चहा चालते काय?"

चहा चालला. त्याचं नाव श्रावण. अमरावतीत गाडगेनगरला त्याचं सायकलचं दुकान होतं, आणि अकोल्याला माल पोचवून तो रिकामी पिकअप घेऊन परत निघाला होता. माझ्या सायकलभोवती त्यानं एक फेरी मारली — चालताना त्याचा डावा पाय जरासा आखडत होता — आणि म्हणाला, "मागच्या गिअरची पट्टी वाकली. अशी चालवान तर गिअर चाकात जाईन. देता माझ्यापाशी? पुढच्या रविवारी घेऊन जा."

मी दिली. का, ते मलाही सांगता येणार नाही.

एसटीनं घरी पोचले तर आई दारातच. "सायकल कोठी हाये?"

"एका माणसाले दिली."

"कोणत्या माणसाले?"

"श्रावण म्हणून हाये."

"आडनाव?"

आडनाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

पुढच्या रविवारी अमरावतीला गेले. दुकान छोटं, पण नीटनेटकं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आमच्या घरी आहे अगदी तसाच. त्याखाली लटकवलेली चाकं आणि काउंटरवर श्रावणचे वडील, पुंजाजीकाका. माझी सायकल धुऊनपुसून उभी होती.

"पट्टी सरळ केली," श्रावण म्हणाला. "पण पेडलचं काय करता?"

"काढून टाका. साधंच बरं. मले नाही जमत ते."

"एका पडण्यात हार मानली? तुमी पोरांले हेच शिकवता काय?"

मला राग यायला हवा होता. पण त्यानं तोवर काउंटरवर तीन पेडल मांडलीही होती. पहिलं साधं, दोन्हीकडून सपाट. दुसरं दोन्हीकडून क्लिपचं. तिसरं मात्र निराळं होतं — एका बाजूनं सपाट, चपलेची पकड राहावी म्हणून बारीक खिळे असलेलं, आणि उलटं केलं की क्लिपचं.

"रोज शाळेत कशावर जाता?"

"याच सायकलवर. पायात सँडल."

"अन् रविवारी लांब फिरता. मग हेच घ्या. शाळेत जाताना ही बाजू, लांब जाताना ती. भीती वाटली, तर मधातच पलटवा. कोणी विचारत नाही." त्यानं पेडल बोटानं फिरवलं. "याची एकच भानगड हाये. कोणती बाजू वर येईन, ते दर वेळी खाली पाहावं लागते. घाईत नेमकी नको तेच बाजू समोर येते."

"माणसासारखंच म्हणा की."

"कोण्या माणसाचा अनुभव हाये हा?"

"अजून तरी... कोण्याच नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. तो पाना शोधायला खाली वाकला. पाना काउंटरवरच होता. तरी बराच वेळ तो वर आला नाही.

मी तिसरं पेडल हातात घेतलं, तळहातावर जोखलं, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. साध्यापेक्षा जड होतं. पण मला ते आवडलं. सोबत त्यानं असे बूट दिले, ज्यांचं क्लीट तळव्यात आत बुडालेलं होतं. चालताना टकटक नाही, घसरणं नाही. पेडलची स्प्रिंग त्यानं सगळ्यात ढिली केली आणि मला मागच्या बोळीत नेलं. एका हातानं मी भिंत धरलेली, मागून सीट त्यानं धरलेलं.

"आज फक्त उजवा पाय. डावा सपाट बाजूवरच राहू द्या. अडकवा... काढा. अडकवा... काढा."

"किती वेळा?"

"भीती कंटाळून निघून जाईन तोवर."

चाळीस वेळा झालं. भीती गेली की नाही माहीत नाही... पण वेळ कुठे गेला, ते कळलं नाही.

मग फोन सुरू झाले. दर रविवारी मी किती किलोमीटर झाले ते कळवायची आणि तो विचारायचा, "पेडल कसं हाये?" सोमवारी, बुधवारी, शाळेला जाताना, शाळेतून येताना... पेडल कसं हाये? जगात कुठल्या पेडलची इतकी चौकशी झाली नसेल! फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मी दोन्ही पाय अडकवून चालवू लागले होते.

फक्त एक गोष्ट खटकत होती. "एखाद्या रविवारी सोबत जाऊ ना," असं मी म्हटलं, की त्याच्याकडं कारण तयार. कधी माल येणार, कधी पाहुणे येणार, कधी बाबांची तब्येत. चौथ्यांदा नाही ऐकल्यावर मी समजायचं ते समजले. पेडलची चौकशी ही पेडलचीच होती. मी उत्तरं देणं बंद केलं.

दोन आठवडे गेले. आणि डावं पेडल करकरू लागलं. तसं तर ते अकोल्यात कुणीही कसून दिलं असतं. पण मी सायकल घेऊन थेट अमरावती गाठली — शंभर किलोमीटर, एकटीनं!

श्रावण बाहेर गेला होता. "येईनच आता. बस मागं सावलीत," पुंजाजीकाका म्हणाले. मागं एक जुनी निळी सायकल उभी होती. तिलाही माझ्यासारखीच दोन बाजूंची पेडल. सहज खाली वाकले... उजव्या पेडलची क्लिप घासून घासून चांदीसारखी झाली होती. डाव्याची मात्र नवीकोरी, तिच्यात धूळ बसलेली. डाव्याची सपाट बाजू तेवढी झिजली होती, इतकी की खिळे उरले नव्हते.

मागं पावलं वाजली. एक नीट, एक आखडती.

"डावा पाय कवाच अडकवत नाही तुमी," मी वळून न पाहताच म्हणाले. "काहून?"

 तो समोरच्या रिकाम्या खोक्यावर बसला. "कॉलेजात होतो तवा मोटरसायकलनं पडलो. घोट्यात स्टीलची पट्टी हाये. टाच बाहेर फिरतच नाही. अडकला तर निघणार नाही."

"मग सपाट बाजूवर चालवता. त्यात लपवण्यासारखं काय हाये?"

"हळू चालवतो मी. लय हळू." तो स्वतःच्या हाताकडं पाहत होता. "दोन वर्षांआधी एका मुलीचे मामा आलते. म्हणाले, पोरगा चांगला हाये, पण पाय... ते बरोबरच बोलले असतील. तुमी आज शंभर किलोमीटर आल्या. मी सोबत असतो तर तुमी पुढं जाऊन थांबल्या असत्या, वाट पाहिली असती. एकदा थांबते माणूस, दोनदा थांबते... मग एक दिवस कंटाळा येते."

मला रडू आलं, आणि त्याचा रागही. "मले कंटाळा येईन का नाही, ते मले ठरवू द्या ना! तुमी काहून ठरवून राहिले?"

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

"येत्या रविवारी पातूरची लेणी," मी म्हणाले. "सकाळी सहा वाजता अकोल्यात. माल येवो, की पाहुणे येवोत."

तो आला. पिकअपमध्ये निळी सायकल टाकून, सहाला दहा मिनिटं कमी असतानाच! मार्च लागला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटल्यासारखा फुललेला. जाताना मी मुद्दामच त्याच्या जोडीनं चालवलं. त्याच्या ते लक्षात आलं होतं.

लेण्यांच्या गार सावलीत बसून आम्ही आईनं दिलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. खडकात कोरलेले खांब बाहेरच्या उन्हानं अर्धे उजळले होते. त्यानं भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता.

"मले... तुमी आवडता," तो म्हणाला. "टपरीसमोर पडल्या तवापासून नाही, खोटं काहून बोलू? दुकानात ते पेडल हातावर घेऊन जोखून राहिल्या होत्या ना, डोळे बारीक करून... तवापासून. वाटलं, ह्या बाईनं एकदा घेतलं, की विचार करूनच घेतलं असणार."

मी ठेच्याकडं पाहत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याचा दोष ठेच्यावर टाकता येत होता.

"मग ते 'तुमी-तुमी' बंद करा," मी कसंबसं म्हणाले. "मी विचार केला हाये."

परतीला निघालो तेव्हा रस्ता किंचित उताराचा होता, वारा पाठीशी. मी पुन्हा त्याच्या चाकाला चाक लावून चालवू लागले. थोडं अंतर गेल्यावर तो थांबला. घसा खाकरला.

"दीपमाला... तू पुढं हो. मनासारखी चालव. मी येतो."

तू! कानशिलं तापली माझी. मी त्याच्याकडं पाहिलं. तो हसत होता, पण त्या हसण्यात एक प्रश्नही होता, आणि त्याचं उत्तर बोलून देण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी गेले. दोन्ही पाय अडकवून, अंगातला सगळा जोर लावून, पळसाची झाडं मागं टाकत... खूप पुढं गेले. मग एका निंबाखाली थांबले. उजवा पाय सोडवला, मग डावा. सायकल झाडाला टेकवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसले.

रस्ता रिकामा होता. एक कापसाची गाडी गेली. दोन लहान मुली गेल्या. मग दूर, उन्हाच्या लकलकीत, एक निळा ठिपका दिसला. तो हळूहळू मोठा होत गेला. त्याची चाकं दिसली, मग हात, मग चेहरा. त्याला इतकं लांबून, इतका वेळ, इतकं मन भरून पाहायला मला एरवी कधी मिळालं असतं?

तो येऊन थांबला. घामानं निथळत होता. माझा चेहरा वाचत त्यानं विचारलं, "कंटाळली?"

"अजून थोडा हळू आला असता," मी म्हणाले, "तरी चाललं असतं."