फ्रिजवरची पाच अक्षरं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आमच्या नात्यात भूतखेत कुणी मानत नाही. अंगारा नाही, उतारा नाही. माझी मावसबहीण उज्वलाताई तर शाळेत विज्ञान शिकवते. आणि घडलं ते तिच्याच घरात... नाशिकरोडला, जेल रोडच्या बाजूला, गेल्या दिवाळीनंतरच्या थंडीत.

तिचे यजमान बुद्धभूषण एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्ट ड्युटीला. ते निघायचे तेव्हा ही झोपलेली, ही शाळेतून यायची तेव्हा त्यांचा डोळा लागलेला. एका घरात राहून चुकामूक! म्हणून दोघांनी एक खेळ काढला होता. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाची इंग्रजी अक्षरं होती. भाऊजी जाताना त्यातली दोन मांडून जायचे. शब्द पाच अक्षरांचा, ही दोन त्यात हवीतच. बाकीची तिनं शोधायची. शब्द बहुतेक घरातलाच, ब्रेड नाही तर फ्रूट. ती अडली की ते एकेक अक्षर लावून द्यायचे.

शेवटचं मात्र कधीच नाही.

"रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे," ते हसत म्हणायचे. "तू माझी रिलीव्हर. शेवटचं अक्षर तू लावलंस की मी सुटलो."

त्या दिवशी फ्रिजवर जी आणि ए होते.

ताईला बघताक्षणी कळलं. साखरेचा डबा आदल्या रात्रीच रिकामा होऊन खडखडला होता. शुगर! आल्यावर लावू म्हणत ती शाळेत पळाली. येताना आठवणीनं साखर घेतली. दुकानाची पायरी उतरते तोच फोन वाजला. ड्युटी संपवून गाडीला किक मारताना भाऊजींच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

जलदान विधी झाला. पाहुणे पांगले. घरात ताई आणि तिच्या सासूबाई, सुलाबाई, अशा दोघीच उरल्या. साखरेची पिशवी तशीच बांधलेली. फ्रिजवरचे जी आणि ए तसेच.

एका संध्याकाळी दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. टीव्ही बंद होता.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला...

टक्.

ताई आत गेली. जीच्या आधी यू लागला होता.

सुलाबाई तर शेजारीच बसलेल्या. आणि त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

ताई घाबरली नाही. हे तिनंच मला सांगितलं. फ्रिजच्या दाराला गाल लावून ती पोटभर रडली.

मग रोजच सुरू झालं. दिवेलागणीला दाराशी बुटांचा आवाज. कोळशाच्या राखेचा, घामाचा, युनिफॉर्मला यायचा तो वास. आत स्वयंपाकघरात त्यांची खुर्ची करकरायची... दिवा लावला की खुर्ची रिकामी. पुढे एकदा पुन्हा टक् झालं. एच्या पुढे आर आला.

आता फक्त पहिली जागा रिकामी होती.

तिथं काय लागतं ते ताईला ठाऊक होतं. पण तिनं एसला हातच लावला नाही. लावला की ते सुटणार. तिला ते सुटायला नको होते. नवरा दिसत नसला तर नसो, खुर्ची तरी वाजू दे.

हळूहळू आवाज बदलला. बूट ओढल्यासारखे यायला लागले. खोकल्याची ढास. लांब, थकलेला श्वास...

एका संध्याकाळी सुलाबाई ताईचा हात धरून म्हणाल्या, "उज्वला, डबल ड्युटी करून यायचा तवा त्यो असाच श्वास टाकायचा. लय दमलंय गं माझं लेकरू. लाव ते अक्षर."

"आई, मग ते परत यायचे नाहीत."

"मला म्हाईत नाय व्हय? आई हाय मी त्याची. तरी म्हनते, लाव."

ताईनं साखरेची पिशवी सोडली. डबा भरला. तीन कप चहा केला आणि एक खुर्चीपुढे ठेवला. मग एस लावला.

टक्.

"चार्ज घेतला मी," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

खुर्ची एकदाच करकरली. बूट दारापर्यंत गेले...

कडी वाजली.

सकाळी पाचही अक्षरं खालच्या ढिगात परत गेलेली होती. उत्तर बरोबर आलं की भाऊजी असंच करायचे. त्यानंतर त्या घरात कसला म्हणून आवाज झाला नाही.

मला वाटलं, संपलं. पण गेल्या आठवड्यात मी गेलो, पाणी घ्यायला फ्रिजकडे वळलो आणि अंगावर काटा आला.

चार अक्षरं. एक जागा रिकामी...

"ताई, हे परत?"

"नाही रे, मी मांडलंय," ती सहज म्हणाली. "नेहमी त्यांनीच का मांडायचं? बघू, त्यांना येतंय का ते."

बोलता बोलता ती दाराकडे बघत होती. दिवेलागणी झाली होती.

सुलाबाई मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. "त्याला हिनं सोडवलं रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "आता हिचा रिलीव्हर कोन?"

खाली येऊन किक मारायला पाय उचलला आणि तसाच थांबलो. कान देऊन.

काही ऐकू आलं नाही.

त्या घरात पुन्हा एकदा टक् व्हावं, असं मला फार वाटतं... आणि होऊ नये, असंही.