उंदीर, बेडूक आणि एक कोरा रकाना

ज्ञानाच्या सीमा ओलांडण्यासाठी माणसाने हिमशिखरं सर केली, वाळवंटं तुडवली. त्याच परंपरेतला जितेश शनिवारी सकाळी कात्रपहून शेअर रिक्षाने निघाला.

त्याच्या प्रबंधाचा विषय होता सगळीकडे आढळणारा उंदीर आणि नामशेष होत चाललेला तांबूस रेघेचा डोंगरी बेडूक यांची तुलना. उंदराचं काम पाच वर्षांपूर्वीच उरकलं होतं; उंदीर सोसायटीच्या कचराकुंडीपाशी स्वतःहून हजर होत. बेडकाचा रकाना मात्र कोरा होता आणि सोमवारी शेवटची मुदत संपत होती. पदवी नाही, तर कॉलेजातली हंगामी नोकरीही नाही.

बारवीच्या डोंगरातली चढण संपता संपेना. वाडीवरचा वाटाड्या धोंडी पुढे, मापपट्टी आणि डबा घेतलेला जितेश धापा टाकत मागे.

"सायेब, बेडूक खायाचा हाय?"

"नाही, मापायचा."

"आनि मंग?"

"मग सोडायचा."

धोंडीने मागे वळून त्याला एकदा नीट न्याहाळलं आणि पुढची चढण धरली.

दुपार कलली तेव्हा ते डोंगरातल्या शेवटच्या भातखाचराशी पोचले. बांधाला लागूनच ओढा धबाधबा कोसळत होता. आणि तिथे, ओल्या कपारीत, तो बसला होता! अंगठ्याएवढा, पाठीवर तांबूस रेघ.

जितेशने पाऊल टाकलं. शेवाळ! पाय सटकला! मोबाइल पाण्यात गेला. पाठोपाठ जितेशही निघाला होता. धोंडीने मनगट धरून त्याला काठावर आपटलं.

बेडूक अजून तिथेच!

"धोंडीदादा, डबा... हळूच," जितेश कण्हत म्हणाला.

धोंडी वाकला. डबा टेकणार, एवढ्यात बांधातून उंदीर सुटला. बांधातले उंदीर धरण्यात धोंडीची हयात गेलेली; त्याचा हात त्याला विचारत बसत नसे. झडप! झाकण बंद! बेडूक पाण्यात.

"घावला!"

"अहो, हा उंदीर आहे!"

"मंग? भात खाऊन माजलाय बगा. तुमच्या बेडकाच्या धा पट भरंल."

तुलना म्हणून यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

दोन तास ते कपारीकडे बघत बसले. ओढ्याचा आवाज वाढत गेला.

"उठा सायेब. बेडूक पुन्यांदा येईल. तुमी वाहून गेलात तर न्हाय येनार."

जितेश उठला.

सोमवारी किर्ती मॅडमनी, म्हणजे त्याच्या मार्गदर्शकांनी, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "फोटो?"

"नाही. पण मी पाहिलाय, मॅडम. हाताच्या अंतरावर होता."

"माप?"

"नाही."

"मग 'आढळला नाही' असं लिही. दुर्मिळ प्राण्याला चालतं ते."

जितेशने लिहिलं. मॅडमनी सही केली.

त्यांच्याकडच्या आधीच्या चार प्रबंधांतही तो बेडूक आढळला नव्हता.