सेन्सर वाळेपर्यंत

गाडीतला हवा मोजणारा सेन्सर साफ करायला चाळीस मिनिटं लागतात आणि त्यातली तीस नुसतं बसून राहायचं असतं. हे मला बाबांनी शिकवलं. ते तंत्रशाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर शिकवायला त्यांना मी एकटीच उरले.

सेन्सर अंगठ्याएवढा असतो. एअर फिल्टरच्या डब्यामागे नळीत बसतो आणि इंजिन किती हवा आत ओढतंय ते मोजतो. पोटात केसासारखी तार. प्लग सोडवायचा, दोन स्क्रू काढायचे, फवारा मारायचा. तारेला बोट लावायचं नाही, फुंकर तर मुळीच घालायची नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायचा नाही. त्या अर्ध्या तासात आई चहा आणायची. बाबा आपला कप उघड्या बॉनेटखाली, नळीशेजारच्या सपाट जागेवर ठेवायचे. आई दर वेळी म्हणायची, "सांडेल." कधी सांडला नाही.

गाडी हायब्रिड. सिग्नलला इंजिन आपोआप थांबायचं आणि गाडी नुसती बॅटरीवर उभी राहायची. पहिल्यांदा मी दचकले, तेव्हा बाबा म्हणाले, "ही तुझ्या आईसारखी आहे. गप्प झाली म्हणजे बंद पडली असं समजायचं नाही."

"ऐकू येतंय मला," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

शेवटचे अकरा दिवस बाबा घरीच होते. छाती साथ देत नव्हती. मी उशाशी बसून त्यांचे श्वास मोजायचे. हाताशी दुसरं काही काम नव्हतं. तीन आखूड, मग थांबा, मग एक लांब. थांबा लांबला की आई त्यांच्या मनगटावर हात ठेवून म्हणायची, "सावकाश घ्या. घाई नाही."

दोन महिन्यांनी आईने गाडी विकायची ठरवली. "मला ती दारात बघवत नाही," एवढंच म्हणाली. मला ती हवी होती, पण आईपुढे मी ते बोलले नाही. एक कुटुंब रविवारी अकरा वाजता गाडी न्यायला येणार होतं. आणि शुक्रवारी डॅशबोर्डवर इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा लागला.

बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. त्याने गाडीला बिघाड तपासायची स्क्रीन जोडली. इंजिन बंद होतं, म्हणजे हवेचा आकडा शून्याजवळ स्थिर हवा. तो थोडा चढत होता, उतरत होता.

"वारा असेल," तो म्हणाला आणि त्याने शटर खाली ओढलं.

आकडा चढला, उतरला.

त्याने नवा सेन्सर लावला. तसंच. मग त्याने फिल्टरचा डबा उघडला आणि हवा आत जाते त्या तोंडावर तळवा ठेवला. क्षणभरच. हात काढून घेतला आणि कोरडा असूनही पँटला पुसला.

"ताई, सरांना शेवटी त्रास झाला का हो फार?"

"का रे?"

"सहज." त्याने जुनाच सेन्सर परत बसवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा साफ करून बघा. सरांनी शिकवलंय तुम्हाला."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बघणारा दुःखात असला की त्याला हवं ते दिसतं, हे मी पुष्कळ वाचलेलं आहे. तरी मी त्याची स्क्रीन मागून घेतली आणि शनिवारभर गाडीत बसून आकडे मोजले. तीन लहान, थांबा, एक मोठा.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी घरच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं. प्लग सोडवला. स्क्रीनवर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या आणि मला हायसं वाटलं. बिघाडच असणार, मी स्वतःला समजावलं. स्क्रू काढले, सेन्सर बाहेर घेतला, फवारा मारला आणि पांढऱ्या फडक्यावर वाळत ठेवला. नळीला अंगठ्याएवढं भोक तेवढं राहिलं. शटर बंद होतं. पंखाही नव्हता.

आई आतल्या दाराने चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते.

तिच्या लक्षात आलं तेव्हा ती ट्रेकडे बघत उभी राहिली. "हाताला सवय," ती म्हणाली.

"असू दे गं."

तिने तिसरा कप उचलला आणि बॉनेटखाली, नळीशेजारी ठेवला. नेहमीच्या जागी.

"सांडेल," मी म्हणाले. ती जराशी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आम्ही सेन्सर वाळायची वाट बघत बसलो.

कपातून वाफ सरळ वर जात होती. मग ती वाकली.

भोकाकडे वाकली, सुटली. पुन्हा वाकली, सुटली. पुन्हा.

मग सरळ उभी राहिली. मी मोजत होते. आईही मोजत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

थांबा लांबला.

आईने पुढे होऊन नळीवर हात ठेवला. "सावकाश घ्या," ती म्हणाली. "घाई नाही."

वाफ वाकली आणि बराच वेळ तशीच आत जात राहिली.

"किती वाजता यायची आहेत ती माणसं?" आईने विचारलं.

"अकराला."

"फोन कर. नको म्हणावं."

मी फोन केला. परत आले तेव्हा आई तशीच बसली होती, हात नळीवर. चहा निवला होता, वाफ संपली होती. सेन्सर वाळला होता. मी तो उचलायला वाकले आणि थांबले.

आईच्या मनगटावरचं पातळ सुती कापड, बाहीचं टोक, भोकाकडे ओढलं जात होतं. तीन वेळा. श्वास सोडल्यासारखं ते बाहेरच्या बाजूला फुगलेलं मात्र मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.