न तडकणारं कॅलिपर

कामावर जाताना पूर्णा जंक्शनच्या जिन्यावर माझं कॅलिपर तडकलं आणि खाली पडलेला तुकडा उचलून सिद्धोधन समोर आला. डाव्या पायाला लहानपणापासून हा फायबरचा आधार. त्याशिवाय मला चार पावलंही टाकता येत नाहीत. 'ताई' न म्हणता त्याने नुसतं विचारलं, "समोरच शेड हाय माझं. फायबरचे दरवाजे बनवतो. जोडून देऊ का?"

शेडमध्ये रेझिनचा, फायबर जोडायच्या चिकट रसायनाचा, उग्र वास होता. काचेच्या धाग्यांच्या कापडावर ब्रश फिरवायच्या आधी त्याने दोन डबे दाखवले.

"हे पॉलिस्टर. दुपारपर्यंत वाळतंय, पण हिसका बसला की तडकतंय. अन् हे इपॉक्सी. आठ दिवस दम धरावा लागतो, मग वर्षानुवर्षं बघायचं काम न्हाई."

त्याच्या नखांत अडकलेली पांढरी भुकटी मी बघत होते... मान वर केली, तर तो माझ्याकडेच बघत होता.

"पॉलिस्टर," मी म्हणाले.

"परत मोडंल."

"मोडू द्या. परत यीन."

तो हसला. दोन वर्षांत मी पाच वेळा गेले. जिने जरा आपटतच उतरायचे, हे आईलाही सांगितलं नाही. प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात. मी तर लंगडं राहायलाही तयार होते.

या श्रावणात आभाळ चार दिवस उघडलं नव्हतं. सहाव्यांदा गेले, तर कोणतं लावू हे त्याने विचारलंच नाही. "आठ दिवसांनी या," एवढंच म्हणाला. रजा काढून, कुबडी घेऊन मी घरात चरफडत बसले.

नवव्या दिवशी त्याने वाकून पट्टे बांधले.

"इपॉक्सी लावलं ना? मी कवा सांगितलं होतं?"

"गुजरातेत काम लागलंय... पवनचक्कीची पाती करायचं. शेड सोडलं. उद्याच्या गाडीनं जायलोय."

"मग मोडल्यावर—"

"मोडायचं न्हाई, नीलम. म्हणून तर लावलं." पट्टा त्याने उगाच पुन्हा घट्ट केला. "तुमी पॉलिस्टर का मागायलाव, पहिल्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग बोलला का न्हाई?"

"भाड्याच्या शेडात कोणत्या तोंडानं बोलू?"

थांबा म्हणायचं होतं मला. कुबडी काखेत मारून मी शेडबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटल्यावर मी जिना उतरले. पाय आपटत, एकेक पायरी, अगदी शेवटपर्यंत.

कॅलिपरला साधा तडाही गेला नाही.