विहिरीकाठचं झाड

"बेटा, डाग मोजत बसू नको. तो कुठून चढला ते बघ." डाळिंबाच्या ढिगाशी बसून अब्बा, हनीफ व्यापारी, असं सांगायचे. रोगतपासनीस नाझियाला सावळीरामच्या नामपूरजवळच्या बागेत येताना तो आवाज आठवला.

दारातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी सावळीरामची बायको अक्काबाई भाजीची सालं पुरत होती. मागं बागेत पानापानावर तेलकट डाग.

तेल्या, डाळिंबाची उभी बाग करपवणारा रोग.

"या देवरामनंच आणला, मॅडम!" सावळीराम कडाडला. "सुरगाण्याची टोळी घेऊन गावोगाव छाटत फिरतो. कात्रीला चिकटून आला रोग. उद्यापासून याला कुणाच्या बांधावर उभं राहू देणार नाय!"

"दर झाडाला कात्री औषधात बुडवली, शेठ," देवराम म्हणाला. "काम गेलं तर पोरं काय खातील?"

"छाटणी कुठून सुरू केली?" नाझियानं विचारलं.

"रस्त्याकडनं. विहीर शेवटी."

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"छे! आमच्या आशाची बाग तेल्यानंच गेली," सावळीराम म्हणाला. "पोटची पोर, पण अखाजीच्या सणाला माहेरीसुद्धा येऊ दिली नाय."

"चहा गार होतोय," अक्काबाई म्हणाली.

नाझिया बाग फिरली, मागोमाग ती तिघंही. रस्त्याकडे तुरळक डाग. विहिरीकाठचं एक झाड मात्र पार करपलेलं, तेही खालून वर. छाटलेली टोकं स्वच्छ. तिनं बुडाशी माती उकरली. डाळिंबाची वाळकी साल निघाली, काळ्या डागांनी तडकलेली.

"अखाजीला झाडावर फळं होती?"

"कुठली? बाग ताणावर, पाणी तोडलेलं. एक फळ नव्हतं," सावळीराम म्हणाला.

"मग ही साल बाहेरच्या, आजारी फळाची. कात्रीनं रोग आला असता तर कापल्या जागी दिसला असता, रस्त्याकडून पसरला असता. हा मातीतून उठला. पावसाच्या शिंतोड्यांनी खालच्या पानांवर बसला. आणि साल फेकलेली नाही, जपून पुरलीय. आल्या आल्या मी असंच पुरणारे हात पाहिले."

तिनं अक्काबाईकडे पाहिलं. "मावशी?"

देवराम खाली मान घालून उभा होता. अक्काबाईला ते बघवेना.

"त्याला बोलू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "गरिबावर आळ आला अन् मी गप बसले. अखाजीला तुमी बाजाराला गेलात, तवा मीच आशाला बोलावली. हितं बसलो दोघी. तिच्या बागेतलं शेवटचं फळ व्हतं. म्या सोलून तिलाच भरवलं. साल फेकायला हात धजला नाय."