दुसऱ्या बाजूचा हात

या, असे जवळ सरकून बसा. मोठ्या आवाजात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. वाढवून सांगणार नाही, लपवणारही नाही. वर जो बसलाय त्याला सगळं दिसतंच.

मी ॲक्युपंक्चर करते. बावीस वर्षं झाली. केसाएवढी बारीक सुई योग्य जागी लावायची आणि दुखणं सोडवायचं, एवढंच माझं काम. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा. दुपारी तीनला खिडकीतलं ऊन बरोबर दुसऱ्या खाटेच्या पायथ्याशी येतं.

त्या खाटेवर माझी ताई यायची. ताई शिवणकाम करते. "आपलं घराणंच सुईचं," ती म्हणायची. "मी कापड टोचते, आमची छोटी माणसांना टोचते. माझं कापड निदान ओरडत नाही."

कापडाच्या गोदामाच्या फाटकात मागे येणाऱ्या गाडीखाली तिचा डावा पाय सापडला. घोट्याच्या वर चार बोटांपासून खाली काढावा लागला. जखम भरली, खोटा पाय बसला, उजव्या पायानं ती मशीनचं पेडलही मारायला लागली. पण नसलेला पाय दुखायचा थांबेना. आठ महिने तिला धड झोप नव्हती.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं.

"टाचेत. आणि घोट्याच्या मागं, कुणी पिळल्यासारखं."

चादर तिथं सपाट होती.

आमच्या विद्येत यावर एक रीत आहे. दुखऱ्या जागेला हात लावता येत नसेल, तर शरीराच्या दुसऱ्या बाजूला अगदी त्याच ठिकाणी सुई लावायची. उजवीकडची सुई डावीकडे पोचते. कशी, ते मला शिकवणाऱ्या बाईंनाही सांगता आलं नाही. मी उजव्या पायात चार सुया लावल्या. आतल्या घोट्यामागच्या खोबणीत एक, बाहेरच्या घोट्यामागे टाचेच्या शिरेलगत एक, अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या खाचेत एक, घोट्याच्या पुढच्या वळीत एक. सुई जागेवर बसली की एक जड ओढ जाणवते. ताईनं मान हलवली. लागलं.

विसाव्या मिनिटाला ती घोरत होती. भावजी, ताईचे यजमान, दारात उभे होते. डोळे पुसत म्हणाले, "आठ महिन्यांनी हा आवाज ऐकतोय. आता माझी झोप जाणार."

मी मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

पाचव्या दिवशी ताई म्हणाली, "छोटे, तळव्यातली सुई काढ. फार खोल गेलीय."

मी तळव्यात सुई लावलीच नव्हती.

"उजव्या नाही गं. डाव्या." तिनं बोट दाखवलं. रिकाम्या चादरीवर, जिथं तळव्याचा मधला खड्डा आला असता, बरोबर तिथं.

मी तिला समजावलं. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा जात नाही, म्हणून पाय दुखतो, खाजतो, वाकवावासा वाटतो.

"पाय आठवतो हे कळलं," ताई म्हणाली. "पण सुई लागली हे मेंदूला कुणी सांगितलं?"

मी सुया काढल्या. माझ्या चार. तिला पाच निघालेल्या जाणवल्या. पाचवी माझ्यानंतर, सावकाश.

पुढे रोज तेच. आधी गार कापूस फिरायचा, ताई सांगायची. मग एक अंगठा हाडाच्या कडेनं चाचपत यायचा, खड्डा सापडला की थांबायचा. मग सुई.

"कुणाचा हात आहे?"

"ओळखीचा नाही. गार आहे. पण हलका आहे गं, तुझ्यापेक्षा हलका."

खरं सांगते, मला आधी हेवा वाटला. भीती त्यानंतर वाटली.

तेराव्या दिवशी ती वाकड्या शिवणीचा फ्रॉक घेऊन आली. चाळीस वर्षांत तिची शिवण वाकडी गेली नव्हती. "पाय पेडलवर आहे की नाही, हे वाकून बघावं लागतंय," ती म्हणाली. मी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला सुई टोचली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. आणखी खोल टोचली. तरीही ती खिडकीबाहेरच बघत होती.

मोठ्या डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्त तपासलं. पाय उत्तम आहे म्हणाले.

परत येताना रिक्षात ताई एकदम बोलली. "तू इकडून सुई लावतेस, ती तिकडं पोचते. मग तिकडून कुणी लावली तर?"

भावजींनी रिक्षावाल्याला उगाचच विचारलं, अजून किती लांब आहे म्हणून.

मी सुया बंद केल्या. तो हात थांबला नाही. रोज तीन वाजता, माझ्याच वेळेला, ताई घरी असो की बाजारात. डावा पाय दुखत नव्हता. उजवा मात्र गार पडत चालला. आधी बोटं, मग टाच, मग घोटा. घोट्याच्या वर चार बोटांवर येऊन गारवा थांबला. मी पट्टीनं मोजलं. डावा पाय जिथं काढला होता, तीच उंची.

"एकच पाय उरलाय गं," ताई म्हणाली. "तेवढा राहू दे. मी काही जास्त मागत नाही."

एकविसाव्या दिवशी तीन वाजता मी तिला पुन्हा खाटेवर घेतलं. तिकडं पाच सुया लागल्या, ती म्हणाली. त्याच वाटेनं आलंय तर त्याच वाटेनं परत पाठवायचं, एवढंच मला सुचलं. भावजी भिंतीशी उभे राहिले. मी नाम घेतलं आणि अंगठ्याजवळच्या खाचेत पहिली सुई लावली.

"तिकडं एक काढली," ताई म्हणाली.

मी दुसरी लावली.

"दुसरी काढली."

मी आनंदानं पुढची उचलली. तिसरी. चौथी. तळव्यातली पाचवी.

"सगळ्या निघाल्या. आता कापसानं पुसतोय."

"संपलं, ताई," मी म्हणाले. "गेला तो."

ती थोडा वेळ कान देऊन असल्यासारखी पडून राहिली. मी एकेक करून पाचही सुया काढल्या.

"उठा म्हणतोय," ताई म्हणाली.

ती उठून बसली. खोटा पाय खुर्चीवर काढून ठेवलेला होता. भावजी तो आणायला वळले.

ताई उभी राहिली.

उजवा पाय जमिनीपासून वीतभर वर होता. सैल, लोंबता.

डावीकडे तिचा कापलेला पाय आणि जमीन यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

मी खाली बसून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. फक्त एका पावलाएवढी फरशी ऊबदार होती.

"बघ," ताई हसून म्हणाली, "जराही दुखत नाही." आणि दारापर्यंत चालत गेली.

आता ती घरात तशीच हिंडते. मशीनही त्याच नसलेल्या पायानं चालवते. शिवण सरळ येते. भावजी तिच्या पायांकडे बघत नाहीत. बोलताना तोंडाकडेच बघतात. तो हात पुन्हा रोज तीनला येतो. कालपासून ती म्हणते, अंगठा आता वर सरकलाय, डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली चाचपतोय, जागा शोधतोय. उजव्या नडगीला मी हात लावून पाहिला. गार होती.

माझं मागणं एवढंच आहे. उद्या सकाळी उठून पाय खाली टेकवाल, दोन्ही तळव्यांना फरशीचा गारवा लागेल, तेव्हा घटकाभर थांबा आणि माझ्या ताईची आठवण काढा.