डाव्या खिडकीला तडा कुणी पाडला?

“पुढच्या बाकावर मी बसणार!”

“जातानासुद्धा तूच बसला होतास!”

“ते धरायचं नाही! तेव्हा मला मळमळत होतं. मळमळणाऱ्या माणसाने बसलेलं बसणं नसतंच!”

चिंगीने हात टेकले. मामेभावाला घरात सगळे ‘वकील’ म्हणत, ते काही उगीच नाही. तो तेरा वर्षांचा, ती बारा वर्षांची, आणि वकिलाचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. त्याला सगळे बटाटा म्हणत, आणि तोही त्या नावाला खुशाल ओ देई. या क्षणी भांडणाचा फायदा घेऊन बटाटा पुढच्या बाकावर जाऊन बसला होता आणि बिस्किटं खात होता.

सुट्टीचा तिसरा दिवस होता. आजोबांची मोटारबोट पलीकडच्या काठावरून परत येत होती. आजोबांची म्हणजे मालकांची. पण एकतीस वर्षं ती आजोबाच चालवत होते. त्यामुळे मालक वर्षाला एकदा रंग देत आणि आजोबा रोज जीव लावत, असा मामला होता. धक्क्यावरची सगळी माणसं त्यांना ‘तात्या’ म्हणत. बारा माणसांची छोटीशी बोट, मध्ये केबिन, केबिनला दोन्ही बाजूंनी एकेक मोठी खिडकी. कालच मालकांच्या भाच्याने केबिन रंगवून काढली होती. खिडक्या उतरवून, चौकटींना निळा रंग देऊन परत बसवल्या होत्या. रंगाचा वास अजून नाकात जात होता.

आजोबांनी इंजिन मंद केलं. धक्क्याला टांगलेल्या टायरांना बोटीची डावी बाजू हलकेच टेकली, नेहमी टेकते तशीच.

टक्!

“आई गं!” एक बाई किंचाळली.

डाव्या खिडकीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता.

मालक धक्क्यावरच उभे होते. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. “तात्या! अहो, केवढ्या जोरात आणून आदळलीत!”

“आदळली नाही,” आजोबा म्हणाले. “टेकवली.”

“टेकवल्याने तडा जातो होय?”

आजोबा कधीच भांडत नसत. दोर बांधायला ते बोटीच्या मागच्या टोकाला गेले.

मालकांनी चिंगीला जवळ बोलावलं. “काय गं, आजोबांना दिसतं ना नीट?”

भोवती दहा-पंधरा माणसं जमली होती. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत म्हटल्यावर चिंगीच्या जिभेला नेहमीच खाज सुटे. माणसांना हसवणं हा तिचा हातखंडा होता. ती म्हणाली, “दिसतं की! काल मामीच्या चपला घालून बाजारात जाऊन आले, आणि परत आल्यावर विचारतात कसे, माझ्या चपला आखूड कशा झाल्या!”

हास्याचा फवारा उडाला! मालक मात्र हसले नाहीत.

खरं सांगायचं तर आजोबा मामीच्या चपला घालून अंगणातल्या नळापर्यंत गेले होते. भर दुपारी आपणही सापडेल ती चप्पल घालतो, तेवढंच. बाजार चिंगीने पदरचा जोडला होता. चार माणसं हसावीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक घरी आले. म्हणाले, “तात्या, आता वय झालं. पाण्यावर माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. तुमची नातच सांगत होती... जाऊ दे. तुम्ही धक्क्यावर बसून लाइफ जॅकेटं वाटा. बोट भाचा चालवेल.”

आजोबांनी खिशातून बोटीची किल्ली काढली आणि मालकांच्या हातात ठेवली. चिंगी दाराआड उभी होती.

मालक गेल्यावर आजोबा बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे पाहत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “लागली असेल का रे जोरात? मला तर कळलंच नाही.”

ते ऐकून चिंगीला रडू आलं. बोट गेली ती गेलीच, पण आता आजोबांचा आजोबांवरच विश्वास राहिला नव्हता!

“नुसतं मुसमुसून काय होणार?” वकील म्हणाला. परसात तिघांची बैठक भरली होती. “आजोबांनी बोट आदळली असती तर मी बाकावरून पडलो असतो. मी पडलो का?”

“तू बाकावर नव्हतास. मी होतो,” बटाटा म्हणाला.

“तू पडलास का?”

“नाही. बिस्किटसुद्धा पडलं नाही!”

“नोंद घ्या!” वकील ओरडला. “बिस्किट पडलं नाही, तर काच कशी फुटेल?”

तिघे धावत धक्क्यावर गेले. भाचेसाहेब (हे नाव पाठीमागे, तोंडावर दादाच म्हणावं लागे) कानाला मोबाइल लावून एका हाताने तडा गेलेल्या खिडकीचे स्क्रू काढत होते. आजोबा खुर्चीवर बसून केशरी जॅकेटांचे बंद सोडवत होते. कालपर्यंत ज्यांना तात्या सुकाणूवर दिसत, ती माणसं आता त्यांच्याकडे न बघता हात पुढे करून जॅकेट घेत होती. चिंगीला ते बघवेना.

“दादा, हे तुकडे आम्ही घेऊ?” तिने विचारलं.

“न्या, न्या. हात कापून घेऊ नका, नाहीतर तेही माझ्याच बोडक्यावर!”

मुलांनी दोन्ही तुकडे जमिनीवर जोडून ठेवले. तड्याचा माग काढत चिंगीचं बोट खाली सरकत गेलं आणि एका स्क्रूच्या भोकाशी थांबलं.

“हे बघ! तडा इथून सुरू झालाय. भोकातून! मार बसला असता तर मार बसलेल्या जागेपासून सुरू झाला असता ना?”

“आणि भोकाभोवती ही पांढरी जाळी कसली?” वकील नाक टेकवून बघत म्हणाला.

“तशी जाळी तिकडच्या खिडकीलापण आहे,” बटाटा म्हणाला.

“कुठे?”

“उजवीकडे. मी मघाशीच बघितली.”

“मग बोलला का नाहीस, गाढवा!”

“मला कुणी विचारलं?”

तिघे बोटीत चढले. खरंच! उजव्या खिडकीच्या चारही कोपऱ्यांत, स्क्रूंच्या भोवती, केसांएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. बोटीची उजवी बाजू कायम पाण्याकडे. ती धक्क्याला कधी लागतच नाही!

काचवाले काका बाजाराच्या तोंडाशी दुकान थाटून बसत. तुकडा हातात घेताच त्यांनी तो नखाने वाजवला. “ही काच कुठे आहे? हे अ‍ॅक्रिलिक. प्लॅस्टिकच्या जातीतलं. दिसतं काचेसारखं, पण याचे नखरे फार. उन्हात फुगतं. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, आणि स्क्रू बेताने आवळायचा. इथे तर बघा, करकचून आवळलाय!”

“आणि ही जाळी?”

काकांनी तुकडा नाकाशी नेला. भोकाच्या कडेला निळ्या रंगाचा पुसट डाग होता. “कुणी थिनरने पुसलंय का हे?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकांच्या शेडमध्ये रंग पातळ करायच्या थिनरचा डबा सतत उघडाच असे. ब्रश थिनरने धुवायचा, हात थिनरने पुसायचे, फरशी थिनरने घासायची! रंगाचं काम करणाऱ्यांना थिनर म्हणजे पाण्यासारखं.

“रंगाचे शिंतोडे उडाले असतील आणि थिनरने पुसले असतील,” काका म्हणाले. “लोखंडाला चालतं, लाकडाला चालतं. याला नाही चालत. आवळून बसवलेल्या अ‍ॅक्रिलिकवर थिनर फिरवलं की ते आतून चिरायला लागतं. मग तडा आज जाईल नाहीतर उद्या. कुणी हळूच टेकलं तरी पुरे!”

त्यांनी एक टाकाऊ तुकडा दिला. परसात मुलांनी तो लाकडी फळीवर चार स्क्रूंनी करकचून आवळला आणि वकिलाने थिनरचं फडकं फिरवलं. काही मिनिटांतच टक् झालं, आणि बटाट्याच्या हातातलं बिस्किट यावेळी खरंच पडलं.

“जिंकलो!” वकील नाचू लागला. “चला, मालकांना सांगू!”

“ऐकतील का?” चिंगी म्हणाली. “भाचा त्यांचा. पोरं बाहेरची. दादा म्हणेल, मी थिनर लावलंच नव्हतं. त्यालाच करू दे, सगळ्यांदेखत.”

दोन दिवसांनी नवी खिडकी आली. मुलांनी मालकांना आग्रहाने धक्क्यावर आणलं, काचवाल्या काकांनाही बोलावलं. बोट दोरांनी बांधलेली, इंजिन बंद, आत एकही माणूस नाही. भाचेसाहेबांनी नवं अ‍ॅक्रिलिक चौकटीत बसवलं आणि ड्रिलने स्क्रू असे आवळले की शेवटी कर्रकन आवाज आला. काचवाले काका डोळे मिटून उभे राहिले.

“दादा, चिकट डाग राहिलेत हां,” चिंगी अगदी साळसूदपणे म्हणाली. “कोपऱ्यात बघ. मालकांना टापटीप लागते.”

“दिसतंय मला! तू मला शिकवू नकोस,” म्हणत भाचेसाहेबांनी सवयीने फडकं उचललं, डब्यात बुडवलं आणि चारही कोपरे झकास पुसून काढले.

“कशाने पुसलंस रे दादा?” वकिलाने विचारलं.

“थिनरने! रंगवल्यावर दोन्ही खिडक्या यानेच पुसल्या. कशा लखलखल्या होत्या!”

“नोंद घ्या!” वकील पुटपुटला.

मुलं खाली बसली आणि वाट बघू लागली. एक मिनिट, दोन मिनिटं. मालक घड्याळ बघू लागले. “काय दाखवायचंय ते दाखवा की! मला कामं आहेत.”

“काका, आजोबांनी बोट आदळली नव्हती,” चिंगी मालकांना म्हणाली.

“तेच का पुन्हा! अगं, तूच तर म्हणालीस, त्यांना स्वतःची चप्पलसुद्धा ओळखू येत नाही. काचेचं एक वेळ सोड. मी त्या चपलांमुळे निर्णय घेतला.”

आजोबा दहा पावलांवर खुर्चीत बसले होते. धक्क्यावरची माणसं ऐकत होती, तीच माणसं, जी त्या दिवशी हसली होती.

“ते खोटं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“ते बाजारात गेलेच नव्हते. अंगणातल्या नळापर्यंत गेले होते. बाजार मी घातला. सगळे हसावेत म्हणून. मी खोटं बोलले!”

चपलांच्या गोष्टीला त्या दिवशी पोट धरून हसलेला एक माणूस आता पाण्याकडे बघू लागला.

आणि टक्!

नवी कोरी खिडकी, बांधलेल्या बोटीत, कुणी बोटही न लावता, कोपऱ्यातल्या स्क्रूपासून वरपर्यंत चिरत गेली.

भाचेसाहेबांच्या हातातलं फडकं गळून पडलं. “मी... मी काहीच केलं नाही!”

“तेच तर तात्यापण सांगत होते,” काचवाले काका म्हणाले, आणि मग त्यांनी मालकांना भोकं, ऊन, थिनर सगळं समजावून सांगितलं. मालकांचा चेहरा पडला. भाच्याला त्यांनी सगळ्यांसमोर असं झापलं की त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही.

संध्याकाळपर्यंत काचवाल्या काकांनी स्वतः तिसरी खिडकी बसवली. भोकं मोठी, खाली रबराची पट्टी, स्क्रू हाताने, आणि पुसायला साबणाचं पाणी. उजवी खिडकीही त्यांनी बदलायला घेतली.

“शाबास!” मालक मुलांच्या पाठी थोपटत म्हणाले. “मोठ्यांना जे सुचलं नाही ते या पोरांनी शोधून काढलं. डोकं आहे हां, डोकं!” मामी तर ज्याला त्याला सांगत सुटली. वकील मान ताठ करून फिरत होता. बटाट्याला बिस्किटांचा अख्खा पुडा मिळाला. चिंगीची पाठ सगळ्यांत जास्त थोपटली गेली, आणि प्रत्येक थापेला तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मालक आजोबांकडे गेले आणि किल्ली पुढे करत म्हणाले, “तात्या, उद्यापासून या. झालं गेलं विसरून जा.”

आजोबांनी किल्ली घेतली नाही.

“आता काय राहिलं? पोरांनी सिद्ध करून दाखवलं ना!”

“खिडकीचं सिद्ध झालं,” आजोबा म्हणाले. “पण गेले चार दिवस मी घरात भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे लांबून वाचत बसलोय. दिसतात का बघायला. धक्क्याला बोट लावताना हात आपोआप वळायचा माझा, कधी विचार करावा लागला नाही. आता विचार येणार. बारा माणसं मागे बसलेली असताना असा विचार येऊन चालत नाही. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं. एकतीस वर्षांत एकदा. तुम्ही पोरीला विचारलंत.”

किल्ली खिशात टाकून मालक निघून गेले. माणसंही पांगली. वकील आणि बटाटा काचवाल्या काकांना हत्यारं उचलू लागायला गेले.

चिंगी खुर्चीजवळ जमिनीवर बसली. “आजोबा, तुम्हाला त्या दिवशी ऐकू गेलं होतं? मी बोलले ते?”

“दोर बांधत होतो. ऐकू आलं.”

“मग बोलला का नाहीत, की ही खोटं बोलतेय म्हणून?”

“सगळ्यांसमोर तुला खोटं पाडू?”

चिंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “माझा राग आलाय तुम्हाला?”

दुसरे कुणी असते तर नाही म्हणाले असते. डोक्यावरून हात फिरवला असता, जाऊ दे म्हणाले असते.

“आलाय,” आजोबा म्हणाले. “जाईल. पण आज आलाय.”

तिने मान हलवली. ते पाण्याकडे बघत होते, आणि तिने त्यांना हसवायचा प्रयत्न केला नाही.